बी वाजण्याआधी

डब्याचं झाकण टक् करून उघडलं आणि घरभर पसरलेल्या शांततेला तडा गेला.

धाकटी होती तशीच थांबली. एका हातात झाकण, दुसरा हात डब्यात, कात्र्यांच्या थंडगार पात्यांवर. खिडकीबाहेर आभाळ नुकतं कुठे राखाडी होऊ लागलं होतं. शेजारच्या खोलीत पलंग करकरला.

"मांजर आहे का?" सासूबाईंचा आवाज आला.

मांजर म्हणून वेळ मारून नेता आली असती. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "नाही आई, मी आहे. कात्र्या घेतेय."

"बी वाजलं नाही अजून."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग तोडतेय."

पलंग पुन्हा एकदा करकरला, म्हणजे सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं असणार. चार शब्द सुनावले असते तर धाकटीला बरं वाटलं असतं. बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं, पाठीशी कसं भांडणार?

आता या घराची रीत सांगायला हवी, नाहीतर एवढ्याशा बोलण्यात काय आभाळ कोसळलं ते कळायचं नाही. या घरची द्राक्षं खायची नव्हेत, वाइनची. लहान मणी, जाड साल, आत बिया. तोडणीचे दिवस जवळ आले की सासूबाई रोज संध्याकाळी बागेत जात, एक मणी तोंडात टाकत, गर गिळून टाकत आणि बी दाढेखाली धरत. बी कच्चं असलं की मऊ लागतं, तोंड तुरट होतं. पिकलं की भाजल्यासारखं कटकन वाजतं. ते वाजलं की सासूबाई मान हलवत, आणि दुसऱ्या दिवशी कात्र्या डब्यातून बाहेर पडत. त्याआधी नाही. त्यांच्या सासूच्या वेळीही हेच होतं. हवामानखातं काही म्हणो, शेजारी तोडून मोकळे होवोत, या घरात शेवटचा शब्द दाढेचा.

आणि ती दाढ खोटी ठरली असंही कधी झालं नव्हतं. म्हणून तर पंचाईत होती.

यंदाचं ऊन वेगळं होतं. महिनाभर गरम वारा थांबला नव्हता. रात्रीसुद्धा भिंतींना हात लावला तर तापल्या तव्याजवळ बसल्यासारखं वाटे. खालच्या बागेत थोरल्या दिरांनी ठिबक दिवसभर चालू ठेवलं, तेव्हा कुठे पानं हिरवी राहिली, आणि विहीर मात्र खोकल्याची उबळ आल्यासारखी पाण्याबरोबर वाळू बाहेर टाकू लागली. वरची बाग धाकटीकडे होती. उताराची, दगडगोट्यांची, जुन्या खोडांची. तिथे तिने पाणी दिलं नव्हतं, तणनाशक मारलं नव्हतं. ओळींमधलं गवत कापून ते वेलींच्या बुडाशी जाड अंथरलं होतं, आणि घडांवरची दुपारच्या बाजूची पानं काढू दिली नव्हती. दरवर्षी दोन्ही बाजूंची काढत, म्हणजे घडांना रंग चढतो. यंदा ती म्हणाली, रंग राहू दे, आधी कातडी वाचू दे.

दीर हसले होते. "लोक पोरांना अंथरूण घालतात, ही वेलींना घालते. उद्या उशा मागेल."

"उशा नकोत भाऊजी, तुमचा पंप बंद ठेवलात तरी पुरे."

दोन वर्षांपूर्वी दिरांनी खालच्या बागेत तोडणीचं मशीन आणलं होतं. मशीनला रुंद वाट लागते. वरच्या बागेतल्या ओळी जवळजवळ, म्हणून तिथे एकाआड एक ओळ उपटायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. एवढंच म्हणाल्या, "यंदाचा हंगाम धाकटीला करू दे. माल नीट आला तर बघू." तोडणी संपली की ओळी उपटणारा मशीनवाला वर येणार होता, एकतर हात हलवत परत जायला, नाहीतर खोडांना साखळ्या बांधायला. आणि या वर्षीच ऊन असं पडलं.

गेले चार-पाच दिवस धाकटी मणी चाखून आणि नळीत रस घालून साखर बघत होती. साखर कशी उड्या मारत निघाली होती. बी मात्र आपल्याच चालीनं चाललेलं, हिरवट, मऊ. दोघांची जोडी यंदा फुटली होती. बी वाजायची वाट बघत बसलं असतं तर जिभेच्या कडांना झोंबणारा आंबटपणा उन्हानं पिऊन टाकला असता आणि मण्यात उरला असता नुसता पाक. खाली तेच व्हायला आलं होतं. दिरांना त्याची फिकीर नव्हती. गाळपघरात आंबटपणाची पावडर पोत्यांनी येते, टाकी गार करायला वीज असते. धाकटीला पोत्यातला आंबटपणा नको होता. वेलीनं दिलेला होता तो जपायचा होता, आणि मणी पहाटेच्या गारव्यातच उतरवायचे होते, म्हणजे ते गार करायला मशीनची घरघर नको.

बरोबर की चूक, हे तिलाही ठाऊक नव्हतं. नवरा दूरच्या शहरात काचेच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा येणारा. फोनवर त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला पटतंय ना, मग कर. फक्त आईसमोर माझं नाव घेऊ नकोस."

"वा. पाठिंबा असावा तर असा."

"पाठिंबाच आहे. पाठीमागून देतोय."

तिनं कात्र्या पिशवीत भरल्या आणि खोलीत जाऊन लेकीला, भिंगरीला, उठवलं. घरातलं हे सगळ्यात लहान माणूस एका जागी ठरत नसे, म्हणून नावच भिंगरी पडलेलं. आज तिला ठेवणार कुणाजवळ? सासूबाईंच्या पाठीजवळ ठेवणं बरं दिसलं नसतं.

"सकाळ झाली?" भिंगरीनं एक डोळा उघडला.

"होतेय."

"मग झाली की उठव."

धाकटीनं तिला पांघरुणासकट उचललं. झोपेतल्या लेकराचं वजन दुप्पट असतं, पण मानेशी टेकलेलं ते ऊबदार नाक आणि अर्धवट स्वप्नातली ती कुजबुज, यासाठी तिनं अख्खा डोंगर चढला असता. बाग तर हाकेच्या अंतरावर होती.

बागेच्या फाटकाशी तोडणीच्या बायका उभ्या होत्या. त्यांची मुकादमबाई पुढे, हात कमरेवर. कात्र्यांची पिशवी बघून तिनं ती घ्यायला हात पुढे केला नाही.

"मोठ्या बाईंनी बी बघितलं?"

"बघितलं. वाजलं नाही."

"मग आम्हाला कशाला बोलावलंस गं? तुझी सासू मला नावं ठेवेल. माझ्या आईनं इथं तोडणी केली. बी वाजल्याबिगर कात्री लावली नाही कधी."

"नावं मला ठेवतील. तशी आधीच ठेवून झालीत." धाकटीनं भिंगरीला उलट्या क्रेटवर बसवलं. "मावशी, एक ऐका. ऊन पंपघराच्या छपरावर आलं की आपण थांबायचं. उरलेलं उद्या पहाटे. कुणी दुपारी बागेत उभं राहायचं नाही."

मुकादमबाई मागे वळून बायकांकडे बघत राहिली. मागच्या आठवड्यात खालच्या बागेत, मशीनमागचे घड वेचताना, त्यांच्यातली एक भर उन्हात कोसळली होती. दोघींनी धरून सावलीत नेली, तर ती शुद्धीवर येऊन पहिल्यांदा विचारते काय, माझी कात्री कुठे आहे. सगळ्या हसल्या होत्या. पण ती बाई आज आली नव्हती.

"बी कच्चं असलं तरी डोकं आमचं पक्कं आहे," मुकादमबाई शेवटी म्हणाली आणि पिशवीत हात घातला. "चला गं. बोलणी खायची तर गार हवेत तरी खाऊ."

काम सुरू झालं. घड हातात घेतला की पहाटेचा गारवा तळव्याला लागत होता. कात्रीचा आवाज, घड क्रेटमध्ये अलगद टेकवल्याचा आवाज, मधूनच कुणाची तरी थट्टा. क्रेट भरला की वर ओलं पोतं. दुपारच्या बाजूच्या पानांआड घड काळेभोर, टपोरे, कातडीवर ती पांढुरकी साय शाबूत. धाकटी प्रत्येक वेलीपाशी एक मणी तोंडात टाकत होती. दर वेळी जिभेच्या कडा झोंबत, आणि दर वेळी तिला थोडा धीर येई.

कुंपणाकडच्या दोन ओळी मात्र तिनं वगळल्या. तिथले घड मनुका झाले होते. कातडी करपलेली, मणी सुरकुतलेले. त्या दोन ओळींची दुपारची पानं कुणीतरी काढली होती. कुणी, ते तिला माहीत होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी सासूबाई बी बघायला नाही, नुसत्याच फिरायला म्हणून बागेत आल्या होत्या. बोलता बोलता त्यांचे हात पानांकडे गेले. आयुष्यभर केलेलं काम, हातांना काही सांगावं लागत नाही. दोन ओळी साफ झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या काही न बोलता घरी गेल्या. धाकटीनं ते वरच्या बांधावरून पाहिलं होतं. तीही काही बोलली नाही. पुढे उन्हानं जे करायचं ते केलं.

ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा ऊन नुकतं बागेच्या वरच्या टोकाला टेकलं होतं. दीर फाटकातच उतरले. मागे ट्रॉलीच्या कडेला, उशीवर, काठी गुडघ्यांत धरून सासूबाई बसल्या होत्या.

"काय हे?" दीर म्हणाले. "आईच्या शब्दाला काही किंमत?"

"आहे ना. म्हणून तर विचारून कात्र्या घेतल्या."

"विचारून? सांगून."

"तेच ते. आईंनी ऐकलं." धाकटीनं हातातला घड कापला, क्रेटमध्ये ठेवला आणि पुढच्याला हात घातला. ती थांबली नाही.

दीर ओळीत शिरले, एक मणी तोडला, चघळला, बी थुंकलं. "कच्चं. हिरवं गवत. यातनं काय वाइन होणार, व्हिनेगर?"

"तुमच्या टाकीतल्या पाकापेक्षा बरं."

कुणीतरी बाई फिसकन हसली आणि लगेच खोकल्यासारखं केलं. दिरांचा चेहरा उतरला, मग चढला. त्यांची नजर कुंपणाकडच्या ओळींवर गेली, आणि माणसाला पाहिजे ते सापडलं की आवाजाला जशी धार येते तशी त्यांच्या आवाजाला आली.

"हे बघ. आई, बघ जरा इकडे. मनुका झाल्यात मनुका. हे हिचं गवत, हिची अंथरुणं. पाणी द्यायचं नाही, औषध मारायचं नाही, आणि वेली उपाशी ठेवून म्हणायचं निसर्ग बघून घेईल. उद्या अख्खी बाग अशी होणार. म्हणून हिला घाई झालीय."

बायकांच्या कात्र्या थांबल्या. धाकटीच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं. एक वाक्य पुरलं असतं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या करपलेल्या ओळींकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून. त्या क्षणी ती बाई शेवटच्या शब्दाची मालकीण वाटत नव्हती. नुसती म्हातारी वाटत होती. धाकटीनं तोंड मिटलं आणि पुढचा घड कापला.

"त्या ओळींचं सोडा भाऊजी. इथली चाखा."

"का सोडू?"

"गवताला कशाला शिव्या देतोस?" सासूबाई ट्रॉलीवरूनच बोलल्या. आवाज चढवावा लागला नाही. "ती पानं मी ओरबाडली."

"तू?"

"मग काय भूत आलं होतं? हात गेले, काढली. सवय. यंदाच्या उन्हाला माझ्या सवयीशी काय देणंघेणं?" त्यांनी काठी खाली टेकवली. "धर, उतरव मला."

दिरांनी त्यांना धरून उतरवलं. सासूबाई हळूहळू ओळीत आल्या, दोन पावलांवर थांबत, बुडाशी अंथरलेलं गवत काठीनं बाजूला सारून खालची माती चाचपत. माती ओलसर होती. सावलीतल्या घडाचा एक मणी त्यांनी तोंडात टाकला. गर गिळला. बी दाढेखाली गेलं. सगळी बाग ऐकत होती, पण काही वाजलं नाही.

"कच्चंच आहे," त्या म्हणाल्या.

"हो," धाकटी म्हणाली. "कच्चं आहे, आणि तरी तोडतेय. बी पिकेल तोवर बाकीचं मरेल. आणि आई, आणखी एक. या बागेची वाइन वेगळ्या टाकीत जाईल. ती चाखल्याशिवाय इथली एकही ओळ उपटायची नाही. मशीनवाला आला तर मी फाटकात उभी राहीन. ओळी उपटायच्या असतील तर आधी मला उपटावं लागेल."

दीर आईकडे वळले. "ऐकलंस? घरात कोण बोलतंय हे?"

सासूबाईंनी बोटांना लागलेला रस पुसला.

"ओळी उपटणं सोपं आहे रे," त्या म्हणाल्या. "हिची मुळं खोल आहेत."

"म्हणजे आणखी एक वर्ष असंच?"

"वाइन तयार होईपर्यंत. आणि ती वाईट निघाली," आता त्या धाकटीकडे वळल्या, "तर तूच मशीनवाल्याला फोन करायचास. मी नाही, हा नाही. तू."

धाकटीनं मान हलवली. "करीन."

"आणि मी हो म्हटलेलं नाही हे लक्षात ठेव. बी वाजलेलं नाही."

"लक्षात आहे."

"तू उभा का?" सासूबाई थोरल्यावर घसरल्या. "ट्रॅक्टर आणलायस ना? मग क्रेट भर. तोडलेली द्राक्षं वेलीला परत चिकटत नाहीत."

दीर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पण क्रेट उचलू लागले. पहिले दोन आपटून ठेवले. तिसऱ्यापासून नीट ठेवू लागले. द्राक्षवाल्याच्या हाताला मणी फुटलेला सहन होत नाही, मग माल कुणाचाही असो.

ऊन पंपघराच्या छपरावर आलं तशी धाकटीनं हाक दिली आणि कात्र्या थांबल्या. बागेचा मोठा भाग अजून उभा होता. उद्याच्या पहाटेचा.

सामाईक गाळपघरात रस काढणारा म्हातारा होता. त्याला सगळे मामा म्हणत, आणि तोही सगळ्यांशी भाचा-भाची असल्यासारखा हक्कानं बोले. त्यानं क्रेटवरचं ओलं पोतं काढून घडात हात खुपसला.

"गार आहे की. बर्फात ठेवलेला काय?"

"पहाटेत ठेवलेला," धाकटी म्हणाली.

त्यानं पेलाभर रस काढला, तोंडात घोळवला. एक डोळा आपोआप मिटला. भिंगरी त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायला लागली.

"आंबट आहे," मामा म्हणाला. "चावतंय. थोरल्याच्या मालाला यातलं थोडं उसनं मिळालं असतं तर त्याची पावडर वाचली असती." मग त्यानं डोळा उघडला. "पण भाचे, आशेवर झुलवणार नाही. तुरटही आहे. हे पुढे उठेल की पडेल, आत्ता कुणी सांगू शकत नाही. मीही नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी विचारू नकोस."

"वेगळ्या टाकीत घाला."

"सगळ्यात छोट्या टाकीत घालतो. कोपऱ्यातल्या. तिथं कुणी ढवळाढवळ करत नाही."

परत येताना दिरांनी ट्रॅक्टरवर बसा म्हटलं. धाकटीनं नको म्हटलं. रागानं नाही, पाय मोकळे करायचे होते. सावली धरून धरून त्या दोघी भिंतीच्या कडेनं चालत राहिल्या. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि भिंगरीची चप्पल दर पावलाला चिकटून सुटत होती. धाकटीनं तिच्या डोक्यावर स्वतःचा रुमाल टाकला, टोकं कानांमागे खोचली. मग घाम पुसायला वाकली आणि उगाचच तिच्या कपाळाचा पापा घेतला. खारट लागला.

"आई, वेलींना सांगायचं ना, सावलीत जा म्हणून."

"त्यांना पाय नाहीत. म्हणून आपण पानं ठेवली."

"आणि गवत?"

"आणि गवत."

"आजी रागावली?"

"थोडीशी."

"काका?"

"थोडे जास्त."

"मग तू का तोडलंस?"

"कारण यंदाचं ऊन आजीनं आधी कधी बघितलेलं नाही. मीही नाही. मग नव्या उन्हाला जुनं उत्तर कसं चालेल?"

भिंगरीनं यावर बरीच पावलं विचार केला. चपलेचा चिकटून सुटण्याचा आवाज तेवढा येत राहिला. धाकटीला वाटलं, पोरीचं समाधान झालं. मनातल्या मनात ती उद्याच्या पहाटेला लागली होती. कुठली ओळ आधी, किती पोती भिजवायची, मुकादमबाईला चहा कुणी करून द्यायचा.

मग भिंगरी थांबली. रुमालाखालून तिनं डोळे बारीक करून वर आभाळाकडे पाहिलं आणि आईचं बोट ओढलं.

"आई, मी तुझ्याएवढी होईन ना, तेव्हा ऊन केवढं असेल?"